प्रितीचं खरं वजन

भोईवाडा, परळ
४ जानेवारी २०२५

प्रिय संघर्ष,

जय भीम. तुमच्या जहाजावरचं इंटरनेट फोटो पोचवत नाही, अक्षरं मात्र पोचवतं, असं तू म्हणालास, म्हणून पत्रच लिहायला बसले. फोनवर तरी काय बोलणार? खोलीत आई, दाराशी शेजारच्या कमलाबाई. तुझ्या बायकोच्या अंडाशयांची खबर मी त्यांच्या देखत कोणत्या आवाजात सांगायची?

तर खबर अशी की इंजेक्शनं सुरू झाली. दादरच्या क्लिनिकमधल्या सिस्टरनी आम्हा दोघींना समोर बसवून शिकवलं. पेनासारखं यंत्र असतं, त्यावर आकडा फिरवून डोस लावायचा. हात धुवायचे, बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत. औषध गेलं तरी लगेच ओढायची नाही, दहा मोजायचे. नंतर चोळायचं नाही. आज उजवी बाजू तर उद्या डावी. सुई रोज नवी. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकायची आणि बरणी क्लिनिकला परत द्यायची, कारण आपल्या चाळीचा कचरा शेवटी कोणीतरी हातांनीच उचलतं.

हे सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम टीचर आहेत का?" मी म्हटलं, कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्या म्हणाल्या, "तरीच." यात स्तुती किती होती, यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

पण गंमत प्रितीची. मंडळाच्या कबड्डी संघात जी डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची आणि समोरच्या पोरीचा घोटा एकदा धरला की शिट्टी वाजेपर्यंत सोडायची नाही, ती या एवढ्याशा सुईला घाबरते! तोंड भिंतीकडे करून उभी राहते आणि म्हणते, "ताई, झालं की सांगू नका. चहा ठेवायला गेलात की मी समजेन." मी सुई घातली, दहा मोजले. पण तिच्या तोंडून आवाज आला नाही. हूं की चूं नाही.

औषध फ्रिजमध्ये, मधल्या खणात. बर्फाच्या कप्प्यात नाही आणि त्याला चिकटूनही नाही, कारण गोठलं तर वाया. कमलाबाईंचा फ्रिज बिघडलाय, त्यांचे बांगडे सध्या आपल्याकडे मुक्कामाला आहेत. त्यामुळे आईने फ्रिजसमोरच पाट मांडलाय. कोणी दार उघडलं की म्हणते, "मधल्या खणाला हात लावशील तर याद राख." काल मलाच म्हणाली.

मागच्या जुलैसारखं या खेपेला होऊ नये, एवढंच मनात आहे. सगळं नीट होईल असं लिहिणार होते. पण मला ते माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
नम्रताताई


६ जानेवारी

ताई, जय भीम!

तुझं पत्र मेसमध्ये बसून वाचलं. "चहा ठेवायला गेलात की समजेन" यावर एवढा हसलो की कुक विचारायला लागला, काय झालं भाई. आमची प्रिती सुईला घाबरते हे मंडळात कळलं तर पोरं जगू देणार नाहीत. सांगू नको कुणाला. किंवा सांग, मजा येईल.

एक सिरियस विचारतो. इथे थर्ड इंजिनिअर हितेंद्र म्हणून आहे, नालासोपाऱ्याचा. त्याच्या बायकोचं पण हेच झालं होतं, जुळी झाली. तो बोलतो, आमचा डोस तुमच्या डबल होता. मग आपल्या प्रितीला एवढुसा का? खेळाडूची बॉडी आहे, झेपेल तिला. डॉक्टरबाईंना जरा बोलून बघ ना, वाढवा म्हणून. एकदाच काय तो निकाल लागू दे.

मी इथे इंजिनरूममध्ये पाने पिळत बसलोय आणि तिकडे तुम्ही दोघी लढताय. माझ्याकडून क्लिनिकमध्ये जे ठेवायचं होतं ते निघायच्या आधी ठेवून आलो, बस. त्यापुढे माझा रोल काय, तर कॅलेंडर बघणं. बरं वाटत नाही ताई.

आईला सांग, बांगड्यांवर पण लक्ष ठेव. कमलाकाकी मोजून ठेवत असणार.

संघर्ष


भोईवाडा
१० जानेवारी २०२५

प्रिय संघर्ष,

डोस वाढवायला मी सांगणार नाही. विचारलं मात्र, कारण तू विचारलंस आणि तुझा तो हक्क आहे. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर सोनोग्राफी दाखवली. "हिची अंडाशयं आधीच उतावीळ आहेत. थोडं औषध दिलं तरी पुष्कळ अंडी धरतात. हितेंद्रांच्या पत्नीला जे कमी पडलं असतं ते हिला जास्त होईल."

तुला जुलै आठवत असेल, पण तू तेव्हाही बोटीवर होतास, म्हणून पुन्हा लिहिते. तेव्हा निम्म्या वाटेवर त्यांनी इंजेक्शनं थांबवली होती, कारण पोटात एकाच वेळी फार अंडी वाढायला लागली. तसंच रेटलं तर अंडाशयं सुजतात, रक्तातलं पाणी पोटात उतरतं, श्वास लागतो, रक्त घट्ट होतं. बाईच्या जिवावर बेतू शकतं. प्रिती तेव्हा काही बोलली नव्हती. पोस्टातली रजा रद्द करून दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आठवडाभराने भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, सामना सुरू असताना पंचांनी मॅटच गुंडाळून नेली." त्यानंतर तो विषय तिने काढला नाही.

म्हणून या वेळी दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, आणि त्याप्रमाणे डोस कमी-जास्त. आपण घरी आकडा बदलायचा नाही. परवा प्रितीला पोस्टात उशीर झाला आणि इंजेक्शनची वेळ टळली. आई म्हणाली, "मग उद्या दोन द्या, हिशोब सरळ." मी क्लिनिकला फोन केला. सिस्टर म्हणाल्या, आत्ताच द्या, उद्या नेहमीच्या वेळी नेहमीएवढंच, दुप्पट कधीच नाही. आणि विचारलंत ते बरं केलंत, बऱ्याच जणी विचारत नाहीत. मला बरं वाटलं. मग हेही वाटलं की प्रितीच्या पोटात सुया जातायत आणि शाबासकी मी घेऊन येते.

आता खरी बातमी. काल मी पेन हातात घेतलं तर ती म्हणाली, "द्या इकडे." भिंतीकडे तोंड नाही, काही नाही. चिमूट धरली, सुई घातली, ओठ हलवत दहा मोजले. आई टाळ्या वाजवायला लागली. कमलाबाई धावत आल्या, "काय झालां गो?" प्रिती म्हणाली, "काही नाही काकी, एक गुण मिळाला."

मी मात्र तिच्याकडे बघत राहिले. संघर्ष, तुझ्या बायकोचा मला फार अभिमान वाटला. भावजय म्हणून नाही, एखाद्या माणसाचा वाटतो तसा.

अंडी काढायच्या आधीचं शेवटचं इंजेक्शन दोन-तीन दिवसांत. त्याची वेळ डॉक्टरबाई ठरवून देणार आणि ती मात्र मिनिटाचीही चुकवायची नाही, कारण पुढचं सगळं तिच्यावरून मोजतात. मी दोन घड्याळांना गजर लावणार आहे. प्रिती म्हणते, तिसरा गजर तुम्हीच आहात.

तुझी,
नम्रताताई


१५ जानेवारी

संघर्ष,

ताईंच्या लॅपटॉपवरून मी. काल अंडी काढली. भूल दिली होती, काही कळलं नाही. किती निघाली सांगू? एकवीस. सिस्टर पण बघत राहिली. ताईंनी तीनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना, जसं लायब्ररीत पुस्तकं मोजतायत.

आता लॅबमध्ये तुझं-माझं जमवतायत. जमलं तर रविवारी १९ तारखेला गर्भ आत ठेवणार. पण डॉक्टरबाई बोलल्या, एकवीस म्हणजे जरा जास्तच आहेत, लक्ष ठेवावं लागेल. रोज सकाळी वजन करायचं आणि फोनवर कळवायचं. वजन झपकन वाढलं, पोट तट्ट झालं, लघवी कमी झाली, दम लागला, तर लगेच यायचं. मग या वेळी ठेवणार नाहीत. गर्भ गोठवून ठेवतील आणि दोन-तीन महिन्यांनी बघू.

दोन-तीन महिन्यांनी. हे ऐकून मला जुलै आठवला.

पण तसं काही होणार नाही. मी एकदम फिट आहे. पोट थोडं जड वाटतं, पण एवढं सगळं झाल्यावर वाटणारच. तू टेन्शन घेऊ नको. या वेळी मॅट कोणी गुंडाळत नाही.

प्रिती

ता.क. सुईला घाबरते हे तू मंडळाच्या ग्रुपवर टाकलंस ना? उतरल्यावर बघते तुला.


भोईवाडा
१७ जानेवारी २०२५

प्रिय संघर्ष,

आज हे पत्र लिहिताना मन अगदी हलकं आहे. पाच गर्भ चांगले वाढतायत असं लॅबमधून कळलं. आणि प्रितीचं वजन जसंच्या तसं आहे! तिन्ही दिवस. मीच काट्याशेजारी उभी राहून बघते आणि फोन करून सांगते. आज सिस्टर म्हणाल्या, "असंच राहू दे, मग रविवारी भेटूच." मी फोन ठेवून आईला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, दूध उतू जाईल."

खेळलेलं शरीर शेवटी वेगळंच. बाकी बायका या दिवसांत कण्हतात म्हणे. ही अंथरुणात पडते तेवढंच. पोट थोडं वर आलंय, पण ते दिसणारच असं ती म्हणते. कमलाबाई तर खूश: "बरां झालां गो, औषध अंगाक लागलां!" आईला वाटतं, हा शुभशकुन आहे. मी शकुन मानत नाही, पण आईचं तोंड एवढं आनंदी असताना वाद घातला नाही.

खाणं मात्र रोडावलंय. मी शहाळं आणते, ती म्हणते ठेवा, मग पिते. आज पाहिलं तर कालचं शहाळं तसंच. तोंड कोरडं पडतं म्हणून सारखी चूळ भरते आणि मोरीत थुंकते. मी म्हटलं, अगं पी ना दोन घोट. तर म्हणाली, "मळमळतं ताई, नुसती चूळ बरी वाटते." दाढेखाली आवळकाठी धरलेली असते. आणि थंडी वाजते म्हणते. तुझा तो जाड स्वेटर घालून स्टोव्हपाशी बसते. मुंबईच्या थंडीत स्वेटर! मी ताप बघितला, नाही. अशक्तपणा असेल.

हे बारीकसारीक तुला कळवत राहायचं असं मी ठरवलंय. तू लांब आहेस, निदान तिच्या दिवसाचा आकार तरी तुला दिसावा. काट्यावर उभी राहताना ती श्वास रोखते, मग आकडा बघून माझ्याकडे बघते आणि हसते. आजही हसली. रविवारपर्यंत दोनच दिवस.

तुझी,
नम्रताताई


१७ जानेवारी

ताई

पत्र वाचून लगेच लिहितोय. फोन लागत नाही, पाच वेळा लावला. हे वाचशील त्या क्षणी तिला घेऊन क्लिनिकला जा. रविवारची वाट बघू नको. उद्या सकाळची पण नको.

ती वजन उतरवतेय.

तुला माहीत नसेल, तू कधी खेळली नाहीस. आमच्याकडे वजनाची मर्यादा असते. त्याच्यावर अर्धा किलो गेलीस की संघाबाहेर. मग वजन घ्यायच्या आधी पोरं-पोरी काय करतात? दोन दिवस पाणी बंद. तहान लागली तर चूळ भरून थुंकायचं. तोंडात आवळा धरायचा आणि लाळ थुंकत राहायची. स्वेटर घालून शेगडीपाशी घाम काढायचा. भोईवाड्यातलं शेंबडं पोर पण सांगेल. मी केलंय, तिने केलंय, सगळ्यांनी केलंय.

तिचं वजन वाढतंय ताई. तूच लिहिलं होतंस, रक्तातलं पाणी पोटात उतरतं. तेवढं पाणी पोटात भरतंय आणि ही वरून पिणं बंद करून काटा जागेवर धरतेय.

भांडू नको तिच्याशी. पण ऐकू पण नको. ती बोलेल मी ठीक आहे. ती गुडघा सुजलेला असताना पण हेच बोलायची.

मला कळव.

संघर्ष


दादर, हॉस्पिटल
१९ जानेवारी २०२५

प्रिय संघर्ष,

ती ठीक आहे. हे वाक्य आधी लिहिते. झोपली आहे, सलाईन सुरू आहे, धोका टळला असं डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या.

तुझं पत्र मी शुक्रवारी कॉलेजातून आल्याबरोबर वाचलं. प्रिती तुझा स्वेटर घालून बसली होती. मी लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, "प्रिती, तू वजन उतरवतेस?"

तिने मान वर केली. आधी वाटलं, नाही म्हणेल. मग म्हणाली, "संघर्ष?"

मी म्हटलं, हो.

"मेल्याने एवढ्या समुद्रातून पकड केली माझी!" ती हसायला गेली आणि तिला धाप लागली. हसताना धाप. तेव्हा मी घाबरले.

"अगं का? डॉक्टरनी इतकं समजावून सांगितलं होतं, माझ्यासमोर!"

"म्हणूनच ना. वजन वाढलं तर ठेवणार नाहीत म्हणाल्या. मग मी वाढू दिलं नाही." हे तिने असं सांगितलं, जसं घरातलं सर्वांत सरळ काम केलं होतं. "ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. दोन दिवस मी काहीही सहन करते. एकदा आत ठेवू दे, मग पिते ना हंडाभर."

तेवढ्यात आई मधे पडली. आपली आई, जिला मी सगळं अर्धवट सांगत आले. तिने प्रितीची चप्पल आणून तिच्या पायांशी ठेवली आणि म्हणाली, "पोरी, नातवंड नाही झालं तर मी रडेन चार दिवस. तू नाही राहिलीस तर मी काय करू ते सांग." प्रिती उठली. जिन्यात दोनदा बसावं लागलं. खाली कमलाबाईंच्या मुलाने, जगदीशने, टॅक्सी उभी केली होती. त्याला कोणी सांगितलं मला माहीत नाही. आपल्या भिंतींना कान आहेत याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, बरंच. अंडाशयं सुजलेली. रक्त घट्ट झालेलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "वजन रोज तेवढंच होतं ना?" मी सांगितलं ते कसं तेवढंच होतं. त्यांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग प्रितीला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत असं माझ्याशी कोणी केलेलं नाही. पेशंट गोळी विसरतात, तारीख विसरतात. तू माझा काटाच फसवलास." आणि समजावून सांगितलं: रविवारी गर्भ आत ठेवला असता आणि तो रुजला असता, तर गर्भाच्याच हार्मोनमुळे हे दुखणं आणखी पेटलं असतं. पाणी बंद केल्याने रक्त आधीच घट्ट. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असती तर दोन दिवसही मिळाले नसते.

आता सलाईन, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, प्यायलेलं आणि गेलेलं पाणी मोजणं, हे चाललंय. पाच गर्भांपैकी चार चांगले निघाले, ते गोठवले. आईने विचारलं, "आणि लाईट गेली तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, ते विजेवर नाहीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहेत. तुमच्या फ्रिजपेक्षा भरवशाचं आहे." आईला हे फारसं पटलं नाही, फ्रिजचा अपमान वाटला.

मी इथे बाकावर बसून एकच विचार करते आहे. त्या तीन दिवसांत मला आनंद कशाचा होता? प्रिती बरी आहे याचा, की माझा रोजचा फोन बिनचूक जातो याचा? काट्याकडे बघत होते, तिच्या ओठांकडे नाही. ते फुटले होते. मी तुला आवळकाठी लिहिली, स्वेटर लिहिला, शहाळं लिहिलं, सगळं लिहिलं आणि वाचलं मात्र तू.

तरी तुला हेही सांगायला हवं. काल सिस्टरनी तिचं वजन केलं तेव्हा तिने श्वास रोखला नाही. आकडा वाढलेला होता. ती तो मोठ्याने म्हणाली.

तुझी,
नम्रताताई


२२ जानेवारी

प्रिती,

ताईने तुला लॅपटॉप दिला असेल तर वाच, नाहीतर ती वाचून दाखवेल आणि मधे मधे स्वतःला प्रश्न विचारेल.

मी रागावलोय. दोन दिवस रागावूनच इंजिनरूम पुसली, एवढी चकाचक की चीफ विचारतो काय रे, लग्न आहे का. मग राग जरा उतरला. कारण तुझ्या जागी मी असतो तर मी पण हेच केलं असतं. आपल्याला दुसरं शिकवलंच नाही कुणी. लागलं तर दाखवायचं नाही. दाखवलं की राखीव खेळाडू आत येणार.

मेसमध्ये सांगितलं, चार जमलेत, फ्रीजरला आहेत. फिलिपिनो कुकने शिऱ्यासारखं कायतरी बनवलं, खोबऱ्याचं. हितेंद्रने पण खाल्लं आणि बोलला, डोसचं मी बोललो ते सोड भाई, मला काय कळतं. मी बोललो, मला पण नाही कळत.

चार राखीव खेळाडू आहेत आपल्याकडे आता. घाई नाही. पाणी पी.

संघर्ष


२६ जानेवारी

संघर्ष,

काल घरी आले. पोट उतरतंय. कमलाकाकी नाराज आहे, बोलते अंगाक लागलेला सगळां गेलां.

तुला एक सांगायचंय. तू ते राखीव बोललास ना, ते बरोबर नाही. ते चार राखीव नाहीत रे. ते मुख्य संघ. बाहेर मी बसलेय. आणि बाहेर बसून बघितलं तर सामना वेगळा दिसतो. हॉस्पिटलमध्ये बाजूच्या खाटेवर एक होती, शीव कोळीवाड्याची आकांक्षा. तिला पण हेच झालेलं, कमी होतं माझ्यापेक्षा. तिने पहिल्याच दिवशी फोन केला होता क्लिनिकला, पोट फुगतंय म्हणून. मी तिला मनात डरपोक बोलले. दोन दिवसांत ती घरी गेली आणि मी तिथेच.

मला रडू आलं नाही. पण डॉक्टरबाई रोज विचारायच्या, दुखतं का? आणि मी रोज नाही बोलायचे, सवयीने. एक दिवस त्या बोलल्या, "प्रिती, मला तुझं धैर्य नको, मला माहिती हवी. औषध किती द्यायचं ते मी तुझ्या उत्तरावरून ठरवते." तेव्हा मी बोलले, थोडं दुखतं. त्यांनी विचारलं थोडं म्हणजे किती. मग बोलले, खूप दुखतं. एवढं जड गेलं मला ते बोलायला, सुई सोपी होती.

ताई स्वतःला दोष देत बसल्यात. मी त्यांना बोलले, तुम्ही लिहिलं नसतं तर याने ओळखलं नसतं. तर बोलतात, "पण मी ओळखायला हवं होतं." तू काहीतरी लिही त्यांना. माझं ऐकत नाहीत.

प्रिती


भोईवाडा
२ मे २०२५

प्रिय संघर्ष,

तू लिहिलंस की "ताई, डोळे तुझे होते, ओळख माझी होती, दोन्ही लागलं." मी ते वाक्य तपासून पाहिलं. मला त्यात चूक सापडली नाही. तेव्हा तो विषय माझ्यापुरता संपला.

गोठवलेला गर्भ एप्रिलमध्ये आत ठेवला, त्याच्या तपासणीचा निकाल तुला प्रितीने सांगितलाच, आणि तू त्यावर फक्त दहा उद्गारचिन्हं पाठवलीस. डॉक्टरबाई म्हणतात, रुजलंय, आकडे चांगले वाढतायत, पण अजून पुष्कळ वाट आहे, पेढे वाटू नका. आईने पेढे वाटले नाहीत. शिरा केला. कमलाबाईंना म्हणाली, असाच केला.

गर्भ टिकावा म्हणून आता दुसऱ्या हार्मोनची इंजेक्शनं आहेत. ती पोटात नाहीत, कंबरेच्या खाली, मागच्या बाजूला, खोल स्नायूत, आणि औषध तेलातलं. पोटाची सुई याच्यापुढे काहीच नव्हती. ही आम्ही घरी द्यायची नाहीत असं ठरलं. रोज दवाखान्यात सिस्टरकडून घेते, बाजू बदलून. किती दिवस चालवायची आणि कधी थांबवायची ते डॉक्टरबाई सांगतील. मधेच बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत.

आज सकाळी मी तिच्यासोबत गेले होते. कालच्या महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला बऱ्याच जणांनी आजची रजा जोडलेली, म्हणून दवाखान्यात गर्दी होती. बाकांवर बाया, त्यांचे नवरे, कोणाची सासू, पोस्टात प्रितीच्या हाताखाली असलेली एक मुलगीसुद्धा. पडद्याआड सिस्टरनी इंजेक्शन दिलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "ठीक?"

आणि संघर्ष, डाव्या कोपऱ्यावरची प्रिती पडद्याआडून अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही! दुखतंय! कालच्या जागी गाठ आलीये, लाल झालीये आणि गरम लागतेय. बघा आधी!"

बाकावरच्या सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. सिस्टरनी पाहिलं, डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी दाबून पाहिलं, तापाची चौकशी केली, ती जागा चार दिवस सोडायला सांगितली, गाठीवर काय लावायचं ते लिहून दिलं आणि लाली वाढली तर त्याच दिवशी या म्हणाल्या. पाच मिनिटांचं काम.

प्रिती साडी सारखी करत बाहेर आली. ती पोस्टातली मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडलात?"

"मग?" प्रिती म्हणाली. "दुखतंय ते मला. त्यांना कसं कळणार?" आणि तिच्या शेजारी जागा करून बसली, कारण त्या मुलीचं आज पहिलं इंजेक्शन होतं.

तुझी,
नम्रताताई